दहा चाकीचा विमा: पोर्टल ६०,५६७, ब्रोकर ६५,५९१. घ्यायचा कुठे?

घाटरस्ता
२८ टन पासिंगची दहा चाकी, नाशिक आरटीओ, दोन वर्षं पूर्ण होऊन तिसरं सुरू. भाड्याची गाडी, नॅशनल परमिट. जाताना कांदा, येताना स्टील किंवा मिळेल तो माल. चेसिस ३० लाख, बॉडी बाहेर बांधून घेतली ती ५ लाख ७० हजार. बँकेचा बोजा आहे. गेल्या वर्षी क्लेम झाला, म्हणून एनसीबी (क्लेम न घेतल्याची सूट) शून्य. मालकाचा अपघात विमा (सीपीए) दुसऱ्या गाडीवर आहे, तो यात नको.

प्रीमियमचे दोन कोट (दरपत्रकं) हातात आहेत. मोठ्या पोर्टलवरचा ६०,५६७ आणि ट्रकचंच काम करणाऱ्या ब्रोकरचा ६५,५९१. कंपनी दोन्हीकडे एकच! मग पाच हजार जास्त कशाचे? ब्रोकरचं कमिशन का?

---

पै_पै
कमिशन कंपनी देते आणि ते पोर्टललाही मिळतं. तो फरक नाही. दोन्ही कोटांची पानं टाका: आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), ओडी डिस्काउंट, आयएमटी २३ (टायर, बंपर वगैरेंचं जादा कव्हर) आहे की नाही, आणि 'पेड ड्रायव्हर' (पगारी ड्रायव्हर, क्लीनर) पुढे किती माणसं.

---

घाटरस्ता
पोर्टल: आयडीव्ही २१ लाख, डिस्काउंट ७०%, आयएमटी २३ नाही, माणूस १.
ब्रोकर: आयडीव्ही २५ लाख, डिस्काउंट ७०%, आयएमटी २३ आहे, माणसं २.

---

पै_पै
वाटलंच होतं. डिस्काउंट दोघांचा सारखाच आहे. मांडून दाखवतो.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. तो सगळ्या कंपन्यांना, सगळ्या दुकानांत एकच. भाड्याच्या मालगाड्यांना १ जून २०२२ पासूनचे दर असे:
७,५०० किलोपर्यंत १६,०४९
७,५०० ते १२,००० : २७,१८६
१२,००० ते २०,००० : ३५,३१३
२०,००० ते ४०,००० : ४३,९५०
४०,००० च्या वर ४४,२४२
मालगाडीच्या थर्ड पार्टीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५% (आधी १२%). तुमचे ४३,९५० अधिक ५% म्हणजे ४६,१४७.५०. यात कोणी रुपयाही कमी करू शकत नाही.

घासाघीस होते ती ओडीवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. बऱ्याच कंपन्या अजून जुन्या टॅरिफचा पायादर धरून त्यावर डिस्काउंट देतात. नाशिक म्हणजे झोन सी, पाच वर्षांच्या आतली गाडी, दर १.७२६%. त्यावर १२ टनांच्या पुढच्या प्रत्येक १०० किलोला २७ रुपये. तुमचे १६,००० किलो, म्हणजे ४,३२०.

पोर्टल: २१ लाखांचे ३६,२४६ + ४,३२० = ४०,५६६. ७०% वजा जाता १२,१७०, जीएसटी १८% धरून १४,३६०.
ब्रोकर: २५ लाखांचे ४३,१५० + ४,३२० = ४७,४७०. आयएमटी २३ चे १५% म्हणजे ७,१२१. एकूण ५४,५९१. ७०% वजा जाता १६,३७७, जीएसटीसह १९,३२५.
पेड ड्रायव्हर माणशी ५० रुपये, जीएसटीसह ५९. पोर्टलचे ५९, ब्रोकरचे ११८.

तुमच्या ५,०२४ रुपयांत २,४४४ आयडीव्हीचे, २,५२१ आयएमटी २३ चे आणि ५९ क्लीनरचे. हिशेब संपला. ब्रोकरचा एक पैसा जास्त नाही, पोर्टलवर माल कमी तोलून दिलाय.

---

दोन_बोटं
वर ज्याला माल कमी तोलणं म्हटलंय ते पटलं नाही. पोर्टलवर आयडीव्ही वर सरकवता येते, आयएमटी २३ ला खूण करता येते, माणसं दोन टाकता येतात. सगळं केल्यावर आकडा ६५,५९१ च येणार आणि तोही रात्री अकरा वाजता घरबसल्या. कोरा फॉर्म न वाचता पुढं ढकलला तर दोष फॉर्मचा कसा?

---

पै_पै
मान्य, पण फॉर्म वाचायला काय वाचायचं ते माहीत हवं. २१ लाख कुठून आले बघा. घसाऱ्याचा तक्ता: ६ महिन्यांपर्यंत ५%, वर्षापर्यंत १५%, दोनपर्यंत २०%, तीनपर्यंत ३०%, चारपर्यंत ४०%, पाचपर्यंत ५०%. तिसऱ्या वर्षी ३०%. चेसिस ३० लाख, वजा ३०%, बरोबर २१ लाख. पोर्टलने मॉडेलच्या यादीतून चेसिसची किंमत उचलली. बॉडी कुठल्या यादीत असणार? ती सिन्नर फाट्यावर बांधली की मालेगावात, त्याला काय माहीत. ३५.७० लाख वजा ३०% म्हणजे २४.९९ लाख, ते ब्रोकरने २५ धरले.

बॉडीचं बिल जपून ठेवा आणि आयडीव्हीत बॉडी वेगळी दाखवून घ्या. काही कंपन्यांच्या पॉलिसीवर चेसिस आणि बॉडीचे रकाने वेगळे असतात. बॉडीच्या रकान्यात शून्य दिसलं की समजायचं.

---

सांधा_वेल्डिंग
कमी आयडीव्हीचं दुसरं दुखणं कोणी बोलत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. २१ लाखांना ती रेघ १५.७५ लाखांवर, २५ लाखांना १८.७५ वर. म्हणजे १६ लाखांच्या दुरुस्तीची गाडी, जी गॅरेजमध्ये उभी करून पुन्हा धंद्याला लागली असती, ती कमी आयडीव्हीमुळे भंगारात. वर बँकेचं देणं १८ लाख असेल तर आलेले २१ लाख आधी बँकेकडे वळतात आणि तीन लाखांत नवी गाडी बुक करा!

पाच वर्षांच्या पुढच्या गाडीची आयडीव्ही तर बोलाचालीवर ठरते, तक्ता तिथे संपतो. तिथे पोर्टल आपला खालचा आकडाच पुढे करतं, कारण तेवढा प्रीमियम कमी दिसतो.

---

दहा_टायर
आयएमटी २३ म्हणजे नक्की काय? टायरवाला एवढंच ऐकलंय.

---

सांधा_वेल्डिंग
मालगाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत लॅम्प, टायर, ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, साइड पार्ट, बंपर, हेडलाइट आणि रंगकाम यांचं नुकसान मिळत नाही, गाडी पूर्ण गेली तरच. आयएमटी २३ घेतली की हे परत आत येतं. अट दोन शब्दांची: गाडीलाही त्याच वेळी मार लागलेला हवा. नुसता टायर फुटला, नुसता चोरीला गेला, तर मिळत नाही.

समोरून धडक झालेल्या ट्रकचं एस्टिमेट पाहिलं तर पहिलं पान याच यादीने भरलेलं असतं. ही नसेल तर सर्व्हेअर पहिल्या पानावर आडवी रेघ मारतो. तरी पूर्ण मिळेल असं समजू नका. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५०% घसारा. २२ हजारांच्या टायरला ११ हजार. लोखंडी भागाला वयाप्रमाणे: ६ महिन्यांपर्यंत शून्य, मग वर्षापर्यंत ५%, दोनपर्यंत १०%, तीनपर्यंत १५%, चारपर्यंत २५%, पाचपर्यंत ३५%, दहापर्यंत ४०%, पुढे ५०%. काचेला शून्य. १६.५ टनांवरच्या गाडीला सक्तीची वजावट १,५०० आणि आयएमटी २३ च्या सामानावर कंपनीच्या अटींप्रमाणे वेगळी वजावटही असू शकते, ती कोटावर वाचा.

झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) मिळाला तर घ्या, पण ट्रकला तो थोड्याच कंपन्या देतात आणि गाडी नवी असेपर्यंतच. इथे ब्रोकरचा खरा उपयोग: कोणती कंपनी कोणत्या वयापर्यंत, कोणत्या मॉडेलला, कोणत्या आरटीओला काय देते हे त्याच्या तोंडपाठ असतं. कंपन्यांचे हे आतले नियम बदलत राहतात आणि पोर्टलवर फक्त होकारच दिसतात. कोणी नाकारलं आणि का, ते दिसत नाही.

---

दोन_बोटं
बरं, ट्रकच्या कामातले ब्रोकर म्हणून ज्यांची नावं ट्रान्सपोर्टनगरात सांगतात, त्यातले किती खरंच ब्रोकर असतात? पाटी 'इन्शुरन्स ब्रोकर', आत पीओएसपी. हे तीन वेगळे प्राणी आहेत. एजंट कंपनीचा माणूस. पीओएसपी म्हणजे कुठल्यातरी ब्रोकरच्या किंवा कंपनीच्या नावावर पॉलिसी काढून देणारा विक्रेता. ब्रोकर मात्र आयआरडीएआयच्या (विम्याची सरकारी नियामक संस्था) २०१८ च्या नियमांप्रमाणे ग्राहकाचा प्रतिनिधी, त्याला स्वतःचा व्यावसायिक जबाबदारीचा विमा ठेवावा लागतो आणि क्लेममध्ये मदत करणं त्याच्या कामात धरलेलं आहे. आणि गंमत म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या पोर्टलकडे, पॉलिसीबझारकडे, २०२१ पासून ब्रोकरचंच लायसन्स आहे. कागदावर दोघंही ब्रोकर.

---

काटा_पावती
म्हणून प्रश्न 'पोर्टल की ब्रोकर' असा नकोच. विचारायचं ते हे: रविवारी पहाटे चारला कसारा घाटात गाडी पलटी झाली तर फोन कोण उचलणार आणि तो काय सांगणार.

ट्रकच्या मोठ्या अपघातात स्पॉट सर्व्हे लागतो, म्हणजे गाडी हलवण्याआधी सर्व्हेअर जागेवर. पोलिसांना मात्र रस्ता तासाभरात मोकळा हवा असतो आणि त्यांचंही बरोबर. या कात्रीत माणूस अडकतो. कॉल सेंटर म्हणतं 'गाडी हलवू नका', इकडे क्रेनवाला हूक लावून तयार. जाणता ब्रोकर त्या भागातल्या सर्व्हेअरला थेट उठवतो आणि तोवर ड्रायव्हरकडून एवढं करून घेतो:

चारही बाजूंचे फोटो, नंबरप्लेट दिसेल असे. चेसिस नंबरचा एक. टायरच्या खुणा, तुटलेला कठडा, मालाची स्थिती. सगळ्याचा एक सलग व्हिडिओ, त्यात किलोमीटरचा दगड यावा. कंपनीच्या टोल फ्रीवर कळवून क्लेम नंबर घ्यायचा. मग 'पोलिसांच्या सांगण्यावरून गाडी हलवत आहोत' असा मेल किंवा व्हॉट्सॲप कंपनीला, हलवण्याआधी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन. तिसऱ्या माणसाला इजा किंवा नुकसान असेल तर एफआयआर आणि पंचनामा.

लगेच जमवायचे कागद: आरसी, फिटनेस, परमिट, ड्रायव्हरचं लायसन्स, बिल्टी (माल नेण्याची पावती), काटा पावती, ई-वे बिल. बिल्टीवरचं वजन आणि काटा पावतीवरचं वजन जुळलं नाही की ओव्हरलोडचा मुद्दा निघतो आणि तिथून क्लेम कापला जातो.

क्रेनचं बिल? साध्या पॉलिसीत व्यापारी वाहनाला गाडी उचलून गॅरेजपर्यंत नेण्याची मर्यादा २,५०० रुपये. बरोबर वाचलंत, अडीच हजार. घाटातून भरलेली दहा चाकी काढायला पाच आकड्यांचं बिल ठरलेलं. जादा टोइंगचं कव्हर मागून घ्यावं लागतं.

आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गॅरेजवाल्याने केबिनचा एक बोल्टही खोलायचा नाही. आतलं मोडलेलं नंतर सापडलं तर पुरवणी एस्टिमेट देऊन पुन्हा बोलवायचं. जुने भाग फेकू नका, ते कंपनी बघायला मागते.

---

दहा_टायर
लायसन्सचं काय? हलकं लायसन्स चालतं असा कोर्टाचा निकाल आला ना?

---

काटा_पावती
७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला तसं ठरवलं: एलएमव्ही लायसन्सवर तेवढ्या वजनाची मालगाडी चालते, वेगळी नोंद नको. २८ टनांना अवजड वाहनाचंच लायसन्स पाहिजे. टँकरवर धोकादायक माल असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियम ९ प्रमाणे प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद. ती नसेल तर कंपनी तिसऱ्या पक्षाला पैसे देईल आणि मग मालकाकडून वसूल करायला येईल.

---

शेतमाल_थेट
केबिनमध्ये शेतकरी बसतो त्याचं? लासलगावहून कांदा भरला की मालक सोबत येतोच.

---

काटा_पावती
मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस हा कायद्यातच (कलम १४७, १९९४ च्या दुरुस्तीपासून) थर्ड पार्टीत आहे. पण तो मालाचा मालक आहे हे बिल्टीवर, बाजार समितीच्या पावतीवर दिसलं पाहिजे. रस्त्यात हात दाखवणारी सवारी घेतली तर त्याची जबाबदारी कंपनीवर नाही, सर्वोच्च न्यायालयाने हे केव्हाच स्पष्ट केलंय. वीस-तीस रुपयांसाठी लाखोंचा दावा मालकाच्या अंगावर.

---

घाटरस्ता
आणि माल? कांदा सांडला, स्टील वाकलं तर?

---

पै_पै
गाडीच्या पॉलिसीत माल येतच नाही. पाच वर्षं ट्रक चालवणाऱ्यांनाही हे माहीत नसतं. मालाचा विमा एक तर माल पाठवणारा काढतो (मरीन ट्रान्झिट), नाहीतर ट्रान्सपोर्टर 'कॅरियर्स लीगल लायबिलिटी' घेतो. कॅरेज बाय रोड कायदा, २००७ आणि त्याचे २०११ चे नियम यांप्रमाणे मालाची जादा किंमत बिल्टीवर जाहीर केलेली नसेल तर कॅरियरची जबाबदारी भाड्याच्या दहापट. २५ हजार भाडं, तर अडीच लाख. तुमची गाडी दुसऱ्याच्या बिल्टीवर चालत असेल तर दावा त्याच्यावर येतो आणि तो तुमचं भाडं अडवून बसतो.

ट्रेलरवाल्यांनी अजून एक बघा. घोडा (ओढणारा पुढचा भाग) आणि ट्रेलर, दोघांच्या आरसी वेगळ्या. विमा घोड्याचा आणि ट्रेलर उघडा, असं पोर्टलवर सर्रास होतं, कारण फॉर्म एकच गाडी विचारतो. टिपरवाल्यांनी लिफ्ट वर असताना पलटी झाली तर देणार का, हे लेखी विचारून घ्यावं. घातक रसायनांच्या टँकरला सार्वजनिक दायित्व विमा (१९९१ चा कायदा) वेगळा. ही कामं पोर्टलची नाहीत, ती ट्रकवाल्या ब्रोकरचीच.

---

दोन_बोटं
आणि माझी बाजू: छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, एकच गाडी, कंपनीतून बॉडीसकट आलेली, शहरातच फिरणारी. याला पोर्टल उत्तम. आयएमटी २३ ला खूण करायची आणि मोकळं व्हायचं. त्या गाडीसाठी ब्रोकर दुसऱ्यांदा फोन करत नाही, त्याचं पोट फ्लीटवर.

फक्त एक जागा धोक्याची. 'पब्लिक कॅरियर की प्रायव्हेट कॅरियर' असा रकाना असतो. प्रायव्हेट म्हणजे फक्त स्वतःचा माल. त्याचा थर्ड पार्टी दर बराच कमी, म्हणून बोट तिकडे जातं. मग भाड्याचा माल भरलेला सापडला की वापराच्या अटीचा भंग. 'मागच्या वर्षी क्लेम घेतला का' याला 'नाही' दाबून एनसीबी मिळवणारेही असेच अडकतात. नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारते.

---

सांधा_वेल्डिंग
खोट्या पॉलिसीबद्दलही लिहायला हवं. अड्ड्यावर 'दहा चाकी तीस हजारात' म्हणणारे भेटतात. तुमच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी जीएसटीसह ४६,१४७.५०. त्याखालचा कुठलाही आकडा म्हणजे कागद खोटा, चर्चाच नको. युक्ती जुनी आहे: त्याच नंबरवर दुचाकीची स्वस्त पॉलिसी काढायची आणि पीडीएफमध्ये वाहनाचा प्रकार आणि रक्कम बदलायची. पॉलिसी नंबर खरा, म्हणून वरवर तपासला तर सापडतो. क्यूआर स्कॅन करून कंपनीच्या साइटवरची मूळ प्रत उतरवा आणि त्यात वाहनाचा वर्ग, जीव्हीडब्ल्यू (मालासकट एकूण वजन), चेसिस नंबर बघा. पैसे कंपनीच्या लिंकवरच भरायचे, माणसाच्या यूपीआयवर नाही. प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी.

ब्रोकरचं लायसन्स आयआरडीएआयच्या यादीत बघता येतं. विचारायला लाजू नका.

---

घाटरस्ता
ब्रोकरला मेल करतोय. काय काय लिहून मागू? पॉलिसी १४ तारखेच्या मध्यरात्री संपते.

---

पै_पै
एका परिच्छेदात लिहा: चेसिस आणि बॉडी वेगळी दाखवून आयडीव्ही २५ लाख. पब्लिक कॅरियर. जीव्हीडब्ल्यू आरसीप्रमाणे. आयएमटी २३. पेड ड्रायव्हर, क्लीनर मिळून दोन (आयएमटी २८). बँकेचा बोजा, आरसीवर आहे त्याच नावाने (आयएमटी ७). जादा टोइंग, मर्यादा आकड्यात. एनसीबी शून्य. तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेची मर्यादा ७.५ लाखच, ६,००० वर आणून डिस्काउंट दाखवलेला नको. क्लेमसाठी माणसाचं नाव आणि रात्रीचा नंबर. शेवटी: 'याव्यतिरिक्त कोणती वजावट किंवा अट लागू आहे ते लेखी कळवा.'

हेच पोर्टललाही पाठवा. ज्याचं उत्तर मुद्देसूद येईल त्याच्याकडून घ्या.

---

दोन_बोटं
तारीख चुकवू नका. एक दिवस जरी मध्ये गेला तरी ओडीसाठी गाडीची तपासणी मागतात आणि गाडी त्या दिवशी नेमकी कर्नाटकात असते.

---

काटा_पावती
आणि मध्येच गाडी विकली तर थर्ड पार्टी नव्या मालकाकडे आपोआप जातो, ओडी नाही. १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. एनसीबी गाडीसोबत जात नाही, ती तुमची.

---

घाटरस्ता
पॉलिसीच्या मसुद्यात पेड ड्रायव्हर पुढे परत १ आलाय. क्लीनर राहिला.

---

पै_पै
५९ रुपये. दुरुस्त करून घ्या, मगच पैसे भरा.